फणसाचा चीक कॉटनच्या कुर्त्यावरून कसा काढायचा? मदत हवी आहे

काल बरका फणस फोडला, हाताला आणि विळीला खोबरेल लावलं होतं त्यामुळे ते पाच मिनिटांत साफ झाले, पण माझ्या शहाणपणाने नवीन कुर्ता घालूनच बसले आणि बाहीवर चिकाचे चार मोठे डाग पडले. गरम पाणी, साबण सगळं झालं, ढिम्म हलत नाहीये, चीक म्हणजे रबरासारखाच तो, पाण्यात कसला विरघळतोय. नेलपेंट रिमूव्हरनेही काही झालं नाही, उलट जरा रंगच उतरला. आता खोबरेल चोळून ठेवू की रॉकेल? ड्रायक्लीनवाले वापरतात ते व्हाईट पेट्रोल सुटं कुठे मिळतं का? आणि नंतर तेलाचा डाग कशाने काढायचा? कुणी स्वतः करून बघितलंय का, प्लीज सांगा.