मदत हवी आहे: अंगावर पाजण्याबद्दल स्टाफसमोर नेमकं काय बोलू?

नमस्कार मंडळी. मी देवगड बाजूला एका उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. १ ते ७ ऑगस्ट स्तनपान सप्ताह, दरवर्षी बॅनर लागतो, फोटो निघतात, 'आईचं दूध अमृत' म्हणून झालं की चहा घेऊन सगळे घरी. यंदा एमओ (वैद्यकीय अधिकारी) सर म्हणाले अर्धा तास तू बोल. समोर सिस्टर, आशाताई आणि एक-दोन खाजगी डॉक्टर पण येतील म्हणे. आता पहिल्या तासात छातीशी, सहा महिने फक्त अंगावरचं, पुढे वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं किंवा जास्त, हे ह्या लोकांना झोपेतून उठवून विचारलं तरी पाठ आहे, ते परत कशाला सांगू? मला हवंय ते पाठ असूनही वॉर्डात होत नाही ते. म्हणून इथल्या आयांना आणि ह्याच फील्डमधल्यांना विचारतेय.

डोक्यात कशावरून आलं सांगते. आमच्याकडची एक पहिलटकरीण, सिझर, बाळ २.८ किलो. तिसऱ्या दिवशी २.६ भरलं तर तिथल्या डॉक्टरांनी (खाजगी, नाव नको) डिस्चार्जच्या फाइलला पावडरच्या डब्याची चिठ्ठी लावून दिली, कारण काय तर वजन उतरलं. अहो २०० ग्रॅम म्हणजे सात टक्के, सुरुवातीला तेवढं उतरतंच, दहाच्या आसपास गेलं तर नीट तपासायचं, आणि दीड-दोन आठवड्यात जन्माच्या वजनावर येतं. सातव्या दिवसाच्या भेटीला आशाताई गेल्या तर घरात बाटली सुरू झालेली, त्यांनी मला बोलावलं. सासूबाई पडवीतून, "अगो, तिका दूध पुरणा नाय, पोर रडता म्हंजे उपाशीच आसा." बाळंतिणीच्या निपलला चिरा, ती तर पाजायचं नाव काढलं की रडायला लागायची.

मी म्हटलं, पाज बघू. बाळ दुपट्यात गच्च गुंडाळलेलं, पोट छताकडे आणि मान तेवढी आईकडे वळवलेली. तोंडात फक्त निपलचं टोक, गालाला खळ्या पडतायत, टक् टक् आवाज येतोय. आपण मान खांद्याकडे फिरवून पाणी पिऊन बघावं, घोट उतरत नाही नीट. दुपटं सोडलं, टाक्यांवर भार नको म्हणून तिला कुशीवर झोपवलं, बाळाचं पोट तिच्या पोटाला लावलं, नाक निपलसमोर, आणि त्याने मोठा आ केल्यावर हनुवटी आधी टेकवून आत घ्यायला लावलं, म्हणजे भोवतीचा काळा भाग पण बऱ्यापैकी तोंडात जातो. जरा वेळाने गिळल्याचा बारीक आवाज यायला लागला. दुखतंय का विचारलं तर म्हणाली, नाही ताई, आता नाही.

हॉस्पिटलात तिला दिवसातून कितीतरी जणांनी "पाजताय ना?" विचारलं, ती हो म्हणाली, चार्टवर टिक झाली. पाजताना एकानेही बघितलं नव्हतं. माझं मेन म्हणणं हेच, डबा लिहायच्या आधी एक फीड सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. पण सिनियर लोकांसमोर हे कसं मांडू की त्यांना टोमणा वाटणार नाही? आणि माझ्याकडून अजून काय सुटतंय?

प्रतिसाद: माहेरवाशीण_रत्नागिरी
ताई सगळ्यात आधी हे सांगा की हात लावायच्या आधी विचारा!! मला एका सिस्टरने काही न बोलता छाती धरून बाळाच्या तोंडात कोंबली, बाजूला सासरे उभे, मी अजून विसरले नाहीये. दुसरं म्हणजे सगळ्यांनी एकच सांगा. सकाळची म्हणे दर दोन तासांनी घड्याळ लावून, रात्रीची म्हणे रडलं की दे, डॉक्टर म्हणे एकेका बाजूला दहा मिनिटं. आणि संध्याकाळी पाच ते दहा बाळ सारखं लागून असायचं ते नॉर्मल आहे हे मला एकानेही सांगितलं नाही, घरचे म्हणे दूध आटलं. पोट भरतंय की नाही ते कशावरून ओळखायचं एवढं सांगितलं असतं तरी पुष्कळ होतं.

प्रतिसाद: डबेवाली_आई
माझं थोडं वेगळं मत. मला दूध खरंच कमी होतं, सगळं करून झालं, शेवटी पावडर. मग प्रत्येक लसीकरणाला लेक्चर, जसं काय मी हौसेने देतेय. पण डबा बनवायचा कसा हे कोणी दाखवलं नाही. शेजारची एक जण डबा महाग म्हणून पुरवून पुरवून वापरायची, पाणी जास्त पावडर कमी, बाळ चिडचिड करायचं. आधी पाणी मोजायचं मग पावडर, डब्यातलाच चमचा सपाट करून, पाणी उकळून थोडं निवलेलं पण चांगलं गरम (७० डिग्रीच्या खाली नको) कारण पावडर निर्जंतुक नसते, आणि पाजायच्या आधी कोमट करायचं. हे नेटवर शोधून कळलं मला. जिला खरंच लागतंय तिला नीट शिकवा ना, तोंडं काय वाकडी करता.

प्रतिसाद: नाईट_ड्यूटी
सिस्टरच्या बाजूने बोलते. रात्री वॉर्ड आणि लेबर रूम एकीच्याच गळ्यात, पूर्ण फीड बघायचं म्हणजे अर्धा तास कुठून आणायचा? आशाताईंना किंवा वॉर्डातल्या मावशींना शिकवा, त्या बसतील. टोमण्याचं म्हणाल तर 'तुम्ही बघत नाही' म्हणू नका, केस सांगा आणि विचारा की इथे तुम्ही काय केलं असतं. डॉक्टर लोकांना केस आवडते. कधी कधी वरचं द्यावंच लागतं हे पण बोला, शुगर उतरली, बाळ सुस्त आहे, लघवी होत नाही, तिथे हट्ट नको. मात्र आधी तिचंच दूध हाताने काढून बोंडल्याने द्यायचं, बाटली नाही. पहिल्या दिवशीचा चीक एका वेळेला चमचाभरच असतो, बाळाला तेवढाच लागतो, लोक तो बघून घाबरतात. आणि बाळाच्या पावडरीबद्दलच्या १९९२ च्या कायद्यात (२००३ ला दुरुस्ती) कंपनीने फुकट सॅम्पल, गिफ्ट द्यायला बंदी आहे, गरज असताना लिहून द्यायला नाही, हा फरक नीट सांगा नाहीतर तिथेच वाद होईल.

धागाकर्ती:
बापरे, भारी मटेरियल मिळालं, थँक्यू सगळ्यांना. केस मांडायची आयडिया उचलली. माहेरवाशीण, पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त ओली लंगोटं आणि पिवळी शी, ही खूण डिस्चार्जच्या कागदावरच लिहा असं सांगणार आहे. डबेवाली ताई, तुमचा मुद्दा मी धरलाच नव्हता, पावडर कालवून दाखवते तिथेच.

अजून एक अडलंय. आमच्याकडे मासे विकणाऱ्या बायका लवकर कामाला लागतात, पहाटे लिलावाला बंदरावर जायचं तर घरी दूध काढून ठेवावं लागतं. स्वच्छ धुतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात, बाहेर चार तास, असं मी सांगते. पावसात लाईट कधी जाईल नेम नाही म्हणून फ्रिजचं सांगतच नाही. ह्याहून काही सोपं कोणी करत असेल तर सांगा.

आणि लेबर रूममध्ये दाखवायला लोकरीचा विणलेला स्तन मिळतो का कुठे? कुडाळ-कणकवलीकडे कोणी विणून देणारं असेल तर व्यनि (खाजगी मेसेज) करा, पैसे देते, जुलै संपायच्या आत हवाय.