इंग्लंडच्या पबमध्ये जुना कंट्री ब्लूज: नक्कल की परंपरा?

प्रश्न

नमस्कार. मी नोकरीनिमित्त ब्रिस्टलमध्ये राहतो. आमच्या भागातील एका पबमध्ये चार स्थानिक वादकांचा एक संच १९२० आणि १९३० च्या दशकांतील अमेरिकी कंट्री ब्लूज, म्हणजे दक्षिणेकडील खेड्यांतील कृष्णवर्णीयांचे मुख्यतः गिटारवर गायले जाणारे संगीत, वाजवतो. दोन गिटार, एक मँडोलिन, एक माउथऑर्गन आणि अधूनमधून वॉशबोर्ड (ठेक्यासाठी घासून वाजवायची कपडे धुण्याची पन्हळी फळी), एवढीच वाद्ये असतात; ध्वनिवर्धक जवळजवळ नसतोच. वादन मला मनापासून आवडते, पण काही प्रश्न पडतात. हे संगीत इंग्लंडच्या पबांत आले कसे आणि टिकले कसे? ज्यांनी मिसिसिपीतील कापसाची शेते, पूर आणि तुरुंग पाहिलेले नाहीत, त्यांनी ती गाणी गाणे कितपत योग्य आहे? आणि ऐकताना नेमके कशाकडे लक्ष द्यावे?

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लंडनच्या सोहो भागातून सुरू होते. १९५४ साली ख्रिस बार्बरच्या जॅझ संचाबरोबर लॉनी डॉनेगनने लेडबेली या अमेरिकी कृष्णवर्णीय गायकाच्या संग्रहातील ‘रॉक आयलंड लाइन’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि १९५६ मध्ये ते इतके गाजले, की गिटार, वॉशबोर्ड आणि चहाच्या खोक्यापासून बनवलेला बास घेऊन देशभरची तरुण मुले स्किफल नावाचे हे साधे, घरगुती वाद्यांवरचे संगीत वाजवू लागली. त्या लाटेतील बहुतेक जण पुढे रॉक संगीताकडे वळले, पण काहींना ही गाणी मुळात कुणाची, हे जाणून घ्यावेसे वाटले. सिरिल डेव्हिस आणि अ‍ॅलेक्सिस कॉर्नर हे त्यांतले प्रमुख. १९५७ पासून त्यांनी वॉर्डूर स्ट्रीटवरील ‘राउंडहाउस’ या पबच्या वरच्या मजल्यावर खास ब्लूजसाठी क्लब चालवला आणि मडी वॉटर्ससारखे अमेरिकी कलावंत तिथे गाऊन गेले. म्हणजे पबमधील खोली ही या संगीताची ब्रिटनमधील तडजोडीची जागा नव्हे. त्याची सुरुवातच तिथे झाली.

कॉर्नर आणि डेव्हिस १९६२ पर्यंत विजेच्या गिटारींकडे गेले आणि त्यांच्या संचाभोवती जमलेल्या तरुणांतून पुढची प्रसिद्ध रॉक मंडळी घडली. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते लोक, जे तिकडे गेले नाहीत. लंडनच्या जो अ‍ॅन केलीने (१९४४–१९९०) मेम्फिस मिनी आणि चार्ली पॅटन या जुन्या अमेरिकी ब्लूज गायकांची गायकी इतक्या निष्ठेने आत्मसात केली, की ‘कॅन्ड हीट’ या अमेरिकी संचाने तिला आपल्यात येण्याचे निमंत्रण दिले. तिने ते नाकारले. आपल्या ब्रिस्टलचा वाटाही मोठा आहे. तिथला इयन अँडरसन (जेथ्रो टल या रॉक संचातला नव्हे) साठच्या दशकाच्या अखेरीस कंट्री ब्लूज गात होता आणि त्याच परिसरातील सेडिस्क कंपनीने १९६८ पासून ‘मॅचबॉक्स’ या नावाने ब्रिटिश कंट्री ब्लूजच्या तबकड्या काढल्या. आपण ऐकता तो संच याच वाटेने आलेला असणार.

प्रतिसाद २

टिकण्यामागे कायद्याचाही भाग आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये नोव्हेंबर २००५ पर्यंत असा नियम होता, की पबमध्ये दोनपर्यंत वादक असतील तर वेगळा करमणूक परवाना लागत नसे. तिसरा वादक बसला की लागे. ध्वनिमुद्रित संगीताला मात्र अशी आडकाठी नव्हती. छोट्या पबना तो खर्च परवडत नसे, त्यामुळे गिटार आणि माउथऑर्गन अशी जोडी ही सर्वांत सोयीची रचना ठरली आणि कंट्री ब्लूज तिच्यात चपखल बसत होता. २००३ च्या नव्या कायद्याने ही सवलत काढून घेतली, तेव्हा वादकांनी मोठी तक्रार केली. अखेर १ ऑक्टोबर २०१२ पासून ‘लाइव्ह म्युझिक अ‍ॅक्ट’ लागू झाला आणि सकाळी आठ ते रात्री अकरा या वेळेत ध्वनिवर्धकाविना होणाऱ्या वादनासाठी परवान्याची गरज उरली नाही. आपल्या पबमधील चौघे जण आज इतक्या सहजपणे एकत्र बसू शकतात, त्यामागे हा बदल आहे.

प्रतिसाद ३

मी स्वतः गिटार वाजवतो, म्हणून ऐकण्याविषयी लिहितो. प्रथम गिटारवादकाच्या उजव्या अंगठ्याकडे पाहावे. मिसिसिपी जॉन हर्ट किंवा ब्लाइंड ब्लेक या जुन्या ब्लूज गिटारवादकांच्या पद्धतीत अंगठा खालच्या सुरांच्या तारांवर आळीपाळीने ठेका धरतो आणि त्याच वेळी इतर बोटे वरच्या तारांवर चाल वाजवतात. एकच माणूस दोघांचे काम करतो. माउथऑर्गनवाला बहुधा गाण्याच्या सुराहून वेगळ्या सुराचे वाद्य घेतो (ई मधील गाण्याला ए चे), कारण त्यामुळे मुख्य स्वर श्वास आत ओढून वाजवावे लागतात आणि ते वाकवता येतात. एखादी गिटार धातूची असेल, तर ती नॅशनल कंपनीने १९२७ पासून आणलेल्या रेझोनेटर जातीची (आत बसवलेल्या धातूच्या शंकूमुळे मोठा आवाज देणारी) असते. विजेच्या गिटारी येण्यापूर्वी नाचाच्या गर्दीत आवाज पोहोचावा म्हणून ती घडवली गेली आणि गजबजलेल्या पबमध्ये आजही तेच काम करते.

खरी कसोटी मात्र एकत्र वाजवण्यात आहे. चार्ली पॅटनसारखे एकटे गाणारे कलावंत बारा बारचा (बार म्हणजे ठराविक मात्रांचा एक खंड) साचा काटेकोरपणे पाळत नसत. ओळ लांबली की बार वाढे, श्वास संपला की कमी होई, आणि साथीला कुणी नसल्याने कुणाची अडचण होत नसे. चार जणांना तसे करता येत नाही. पुष्कळ संच म्हणून सगळे बारात बसवतात आणि गाणे सपाट होते. चांगला संच गायकाच्या तोंडाकडे पाहत वाजवतो आणि त्याने ओळ ताणली तर तिघेही थांबतात. आपल्याकडे बैठकीत तबलजी ठुमरी गाणाऱ्याचा कल ओळखतो, तितकेच अवधान त्याला लागते. असे थांबणे ऐकू आले, तर तो संच चांगला आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

प्रतिसाद ४

योग्यायोग्यतेचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला इतिहासाचा एक कंगोरा आहे. अमेरिकी ब्लूज गायक बिग बिल ब्रून्झी १९५१ पासून ब्रिटनमध्ये येत असे. शिकागोमध्ये त्याने पियानो आणि ड्रमसह शहरी संगीत ध्वनिमुद्रित केले होते, पण ब्रिटिश श्रोत्यांना एकटा, गिटार घेतलेला खेडूत गायक हवा होता, म्हणून तो तसाच गायला. उलट १९५८ साली मडी वॉटर्स विजेची गिटार घेऊन आला, तेव्हा अनेक श्रोते बिचकले. अस्सल काय, हे कृष्णवर्णीय कलावंतांना श्रोत्यांनी सांगावे, ही त्या काळातली खरी चूक होती, असे माझे मत आहे. आजच्या संचाने ती टाळावी. मिसिसिपीचा उच्चार ओढूनताणून आणू नये, स्वतःच्या आवाजात गावे आणि प्रत्येक गाण्याआधी ते मुळात कुणी गायले, हे नावानिशी सांगावे. एवढे केल्यास ब्रिस्टलच्या माणसाने ही गाणी गाण्यात मला गैर काही दिसत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या संचातील गायक मूळ कलावंतांची नावे आवर्जून सांगतो, हे वाचून बरे वाटेल. मूळ ध्वनिमुद्रणे ऐकायची, तर सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद ३ चे लेखक

आपल्याला संचाचे वादन आवडते, त्यामुळे एकट्या गायकांपासून सुरुवात करू नये. १९२७ पासून ध्वनिमुद्रण करणारा मेम्फिस जग बँड आणि गस कॅननचा जग स्टॉम्पर्स (जग म्हणजे तोंडाने फुंकून वाजवायची बरणी) आधी ऐकावेत, मग १९३० पासूनचे मिसिसिपी शीक्स, ज्यांच्या व्हायोलिनमुळे गाण्याला निराळाच गोडवा येतो. ते कानात बसले की पॅटन आणि सन हाउस या एकट्या गायकांकडे जावे. त्यांच्या तबकड्यांमध्ये खरखर फार आहे, तेव्हा शब्द हाताशी ठेवून ऐकावे.