ह्यूगोची लघुकथा ओळखायचा 'सोपा' फॉर्म्युला: जरा थांबा

कोरी पाटी
विज्ञानकथा-फँटसीच्या ह्यूगो आणि नेब्युला या पुरस्कारांवर गणोबांनी काल इथे ठोकून दिलंय: "लघुकथेच्या ह्यूगोत अंदाज कसला करायचा? नेब्युला कुणाला मिळाली ते बघा, नाहीतर सरळ अनकॅनी मासिकातली कथा उचला. संपला विषय." वर टाळ्याही पडल्या, म्हणून हे लांबण लावतोय.

2016 ते 2025 घ्या. दोन्ही पुरस्कार एकाच लघुकथेला मिळाले ते 2017, 2018, 2022 आणि 2023 मध्ये. दहापैकी चार. 2025 मध्ये इसाबेल जे. किम यांची ओमेलासच्या खड्ड्यातल्या पोराची कथा नेब्युला आणि लोकस हे दोन्ही पुरस्कार खिशात घालून आली. ह्यूगो नेला न्घी व्हो यांच्या 'स्टिच्ड टू स्किन लाइक फॅमिली इज'ने.

कारण मतदार वेगळे आणि मोजणीही वेगळी. नेब्युलाला लेखक मत देतात, ह्यूगोला पैसे भरून वर्ल्डकॉन या वार्षिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद झालेले वाचक. ह्यूगोत अंतिम यादीतल्या सहा कथांना पसंतीक्रम द्यायचा. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळाची कथा बाद आणि तिची मतं पुढच्या पसंतीला. कडव्या भक्तांची कथा पहिल्या फेरीत पुढे दिसते, पण बाकीच्यांनी ती पाचवी लावली असेल तर तिथेच अडकते. बऱ्याच जणांनी पहिली आणि बाकीच्यांनी दुसरी-तिसरी लावलेली कथा मागून येऊन निघून जाते. तेव्हा 'सगळ्यात गाजलेली कोणती' हा प्रश्नच चुकीचा. 'कुणालाच न खुपणारी कोणती' हे विचारा.

गणोबा
वा! दहापैकी चार म्हणे. 2016, 2020 आणि 2024 च्या नेब्युलाविजेत्या कथा ह्यूगोच्या अंतिम यादीत होत्या का? नव्हत्या. ज्या घोड्याने शर्यतच धावली नाही तो हरला म्हणून सांगताय. उरलेल्या सातपैकी चार जिंकल्या. सहांतून डोळे मिटून एक उचलली तर सतरा टक्के, इथे पन्नासच्या वर. आणि अनकॅनी? 2021, 2022, 2023, 2025. पाचपैकी चार. अजून काय पाहिजे?

कोरी पाटी
सातपैकी चार, मान्य. खूश? पण सातच्या नमुन्यावर टक्केवारी काढणाऱ्याला शेअर बाजारात पाठवू नये. आणि अनकॅनीचं म्हणाल तर 2022 च्या सहांत तीन कथा अनकॅनीच्याच होत्या. त्यातली 'व्हेअर ओकन हार्ट्स डू गॅदर' कशी ओळखणार होतात, मुखपृष्ठ बघून? मासिकाचा उपयोग एवढाच, की फुकट आणि ऑनलाइन वाचायला मिळणारी कथा पुढे जाते. वर्गणीच्या छापील मासिकातली कथा 2012 नंतर जिंकलेली नाही. असिमोव्हज आणि अ‍ॅनालॉगवाल्यांनी बसावं तोंड बघत.

तिरकस
तुम्ही दोघं विज्ञानकथेच्या पुरस्काराबद्दलच बोलताय ना? 2017 ची परीकथा, 2019 ची ग्रंथपाल चेटकीण, 2022 चं लोकगीत. यात विज्ञान दुर्बिणीने शोधायचं का?

अनुस्वार
आलं रडगाणं! ह्यूगोच्या नियमात विज्ञानकथा आणि फँटसी दोन्ही आहेत, दरवर्षी तेच किती सांगायचं? 2021 च्या 'मेटल लाइक ब्लड इन द डार्क'मध्ये यंत्रं आहेत, 2024 च्या 'बेटर लिव्हिंग थ्रू अल्गोरिदम्स'मध्ये अ‍ॅप आहे. ती तुम्हाला दिसत नाहीत.

तिरकस
2024 चं सांगूच नका. नेओमी क्रिट्झर, 2016 मध्ये तीच बाई. ही लोकप्रियतेची स्पर्धा आहे, नाव बघून मतं पडतात. आपल्याकडे 1974 ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. पहिला क्रमांक आला, तो कथेचा. ह्यूगोवाल्यांनी शिकावं.

अनुस्वार
छापून आलेल्या कथेचं नाव झाकणार कसं? पात्रतेची अटच मुळी आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेली, 7,500 शब्दांच्या आतली कथा ही आहे. आणि नावावर मतं पडतात तर 2021 ला क्रिट्झर यांची 'लिटल फ्री लायब्ररी' अंतिम सहांत होती, लोकसही तिला मिळाला, मग ह्यूगो का हुकला? कादंबरीत नाव चालतं, कारण सहाच्या सहा कोण वाचतो! लघुकथा मात्र दोन संध्याकाळींत सगळ्या वाचून होतात.

खगोलवेडा
नाव झाकून घेतलेल्या परीक्षणाचं एवढं कौतुक नको. झाकलेलं नाव शैलीवरून उघडं पडतं, आणि परीक्षक दोन-तीनच असले तर त्यांची आवड माहीत असलेल्याला निकालही माहीत असतो. आपल्याकडे दिवाळीला कथास्पर्धांचे निकाल लागतात, तीन नावं आणि 'उत्तेजनार्थ'. गुण? चौथी कोण? काही नाही. ह्यूगोची फेरीनिहाय मतं, नामांकनात कुठली कथा थोडक्यात हुकली, सगळं जाहीर होतं.

गणोबा
जाहीर होतं? चीनमधल्या चेंगडूचं वर्ल्डकॉन विसरलात? ऑक्टोबर 2023 चा समारंभ, आकडे आले 20 जानेवारी 2024 ला. 'बेबेल' कादंबरी अपात्र, कारण दिलंच नाही. आणि तुम्ही आम्हाला पारदर्शकता शिकवताय!

खगोलवेडा
आकडे आले म्हणूनच गडबड कळली ना? न येते तर तुम्ही आजही टाळ्या वाजवत बसला असता. ग्लासगोच्या वर्ल्डकॉनने 2024 ला 377 मतं बाद केली आणि तसं जाहीरही केलं. आपल्याकडच्या एका तरी स्पर्धेने किती प्रवेशिका का बाद केल्या ते सांगितलेलं दाखवा.

तिरकस
गुण जाहीर केले तर पुढच्या वर्षी कुणी परीक्षक व्हायला तयार होणार नाही. फुकटात शिव्या कोण खाईल?

खगोलवेडा
मग झाकूनच ठेवा सगळं, नावंही आणि गुणही.

कोरी पाटी
धागा अंदाजाचा होता, याची फक्त आठवण.

दोन पायऱ्या वेगळ्या धरा. नामांकनाला मागच्या वर्ल्डकॉनचे सभासदही असतात, अंतिम मतदानाला फक्त चालू वर्षाचे. 2017 पासून नामांकनाची मोजणी अशी: एका मतपत्रिकेला एक गुण. पाच कथा लिहिल्या तर प्रत्येकी 0.2, एक बाद झाली की उरलेल्या चौघींना 0.25. दर फेरीत सगळ्यात कमी गुणांच्या दोन कथा समोरासमोर, ज्या कथेचं नाव कमी पत्रिकांवर ती बाहेर. 2015 ला गटबाजीने अख्खी यादी भरली आणि लघुकथेचा ह्यूगो कुणालाच दिला नाही, त्यावरचा हा इलाज. लघुकथेत मतं भयंकर विखुरतात. किमान पाच टक्के नामांकनपत्रिकांवर नाव हवं, या जुन्या अटीमुळे 2013 ला तीनच कथा उरल्या होत्या, 2014 ला चार. म्हणून यादी यायच्या आधी केलेला अंदाज म्हणजे मटका. यादी आल्यावर नेब्युलाची कथा त्यात असेल तर तिला 40 टक्के, अनकॅनीची दुसरी कुठली असेल तर 20, फुकट वाचता येणाऱ्या बाकीच्या तिघींना प्रत्येकी 12, उरलेलीला 4. निकालानंतर जिंकलेलीला 100 आणि बाकीच्यांना 0 धरून प्रत्येक आकड्याची चूक मोजा, वर्ग करा, बेरीज करा. ज्याची बेरीज कमी तो शहाणा. 'बरोबर आलं, चुकलं' असं बोंबलून काही कळत नाही.

गणोबा
म्हणजे पहिला क्रमांक नेब्युलाला, दुसरा अनकॅनीला. मी काय वेगळं म्हटलं होतं?

कोरी पाटी
तुम्ही 100 म्हटलं होतं. 2025 ला ओमेलासला 100 लावले असते तर चूक 100, तिचा वर्ग 10,000. माझा 1,600.

गणोबा
आणि व्होच्या कथेवर तुमचे 20, त्याची चूक 80, वर्ग 6,400. तो कुठे गेला हिशेबातून?