कुतूहलानं अपूर्णांक येतात का?

पावकी: 'शाळेतून काढा, कुतूहलावर सोडा, मूल आपलं आपण शिकतं' ही पोस्ट आता तिसऱ्या ग्रुपवरून आली, म्हणून लिहितोच. कुतूहलानं डायनासोर येतात, ग्रह येतात. अपूर्णांक नाही. १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्या मुलाला आपलं चुकलंय हे कळतच नाही; वरचे वर मिळवले, खालचे खाली. व्हिडिओ वही तपासत नाही. शिक्षक विचारतो, 'अर्ध्यात भर घातलीस आणि उत्तर अर्ध्याहून कमी?' हा प्रश्न स्वतःला पडायला आधी अपूर्णांक यावे लागतात.

निंबोणी: शिक्षक विचारतो? कुठल्या शाळेत? तिथे 'लसावि काढा, छेद समान करा' आणि पुढचं उदाहरण. कागदाची पट्टी सहा घरांत दुमडा. अर्धी म्हणजे तीन घरं, तिसरा हिस्सा दोन, मिळून ५/६. घरी पट्टी मुलाच्याच हातात असते. आणि स्वयंशिक्षण म्हणजे मोकाट सोडणं नव्हे हो! आठवड्याचं काम मूल ठरवतं, शुक्रवारी वही मिटून समजावून सांगतं. अडखळलं की चूक सापडली.

पावकी: शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक आहे. तेवढे द्या, मग शाळेला नावं ठेवा.

बाकडं: पट्ट्या दुमडून झाल्या असतील तर दहावीचं बोलू. बाहेरून परीक्षेला बसायच्या १७ नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. जे मूल शाळेत गेलंच नाही, त्याचा कुठून आणणार?

निंबोणी: एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय, आहे की. वय १४ पूर्ण, पाच विषय, ३३ ला पास, पाच वर्षांत नऊ संधी.

बाकडं: जाहिरात पाठ आहे तुमची. टीएमए, म्हणजे शिक्षकानं तपासायचा गृहपाठ, सांगितलं नाहीत. विषयाच्या लेखी गुणांतले २० टक्के त्या गृहपाठात. मुदत हुकली की तेवढ्यावर पाणी. विज्ञान घेतलं तर प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागतं. लेखी उत्तम आणि प्रात्यक्षिकाला गैरहजर, तर विषय राहिला. घरी परीक्षानळी धरलेली नसते, केंद्रावर पहिल्यांदाच हातात येते.

तिसरीघंटा: परीक्षानळी शाळेतल्या किती जणांनी धरलीय? जर्नल उतरवून काढतात! अकरावी-बारावीला तर नाव कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये, ७५ टक्के हजेरी कागदावर. त्यावर धागा काढा कुणीतरी.

बाकडं: तो वेगळा विषय.

तिसरीघंटा: वेगळा कसा? घरी बसलेल्या मुलाला दाखला मागता आणि गैरहजर मुलाला हजेरी वाटता!

निंबोणी: दाखल्याचा एवढा बाऊ नको. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवीचीही परीक्षा घेतं. पण हे सातवी-आठवीच्या वयात बघा. पंधराव्या वर्षी धावाधाव करणाऱ्यांचं वर्ष जातं. बाकडंसाहेब, टीएमएबद्दल आभार, टोमण्यासकट.

पावकी: शुक्रवारची युक्ती बरी आहे, तेवढं घ्या. पण समोर बसणाऱ्याला अपूर्णांक यायला हवेत. आणि दोघंही कामाला जाणाऱ्या घरात शुक्रवारी बसणार कोण?

निंबोणी: रविवारी बसा.