विदर्भाच्या पाटीवर नागपूरच कशाला?

सांबारवडी:
आमच्या पुण्यातल्या सोसायटीत १ मेला प्रत्येक विभागाचा एक स्टॉल लागतो. यंदा कमिटीनं प्रत्येक स्टॉलला एका शहराची पाटी छापून घेतली. विदर्भाला अर्थातच नागपूर, कोपऱ्यात संत्रं. मी अमरावतीची. स्टॉल मी लावणार, पुडाच्या वड्या मी तळणार आणि पाटी नागपूरची! सेक्रेटरी काका म्हणाले, "अहो, एकच नाव द्यायचं तर नागपूरच ना." मी म्हणते, एकच द्यायचं तर अमरावती द्या. रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर आमच्या जिल्ह्यात, अजून तिची पालखी तिथून पंढरपूरला जाते. लीळाचरित्र लिहिलं गेलं ते रिद्धपूर आमच्या मोर्शी तालुक्यात. गाडगेबाबा शेंडगावचे, तुकडोजी महाराज यावलीचे, दोन्ही गावं आमचीच. आणि नागपूरकर ज्याच्या जोरावर मिरवतात तो विदर्भ साहित्य संघसुद्धा १९२३ साली अमरावतीत स्थापन झाला. सांगा आता.

इतवारीकर:
ताई, जन्म तुमच्याकडे, हे कबूल. पण नांदले कुठं? साहित्य संघ नागपुरात वाढला. सुरेश भट १९३२ मध्ये अमरावतीत जन्मले, शेवट नागपुरात झाला आणि त्यांच्या नावाचं सभागृह आमच्या रेशीमबागेत आहे. माहेर कितीही गोड असलं तरी बाई ओळखली जाते सासरच्या घरावरून. रुक्मिणी तरी कुठं थांबली माहेरी?

आणि दीक्षाभूमीचं काय? १४ ऑक्टोबर १९५६ ला जे घडलं त्यानं विदर्भातल्या खेड्याखेड्यातलं जगणं बदललं. दसऱ्याला सीताबर्डीपासून पायी चाललेली माणसं पाहा एकदा. पांढरी लुगडी, डोक्यावर गाठोडं, परतताना हातात पुस्तकांची पिशवी. गडचिरोलीपासून बुलडाण्यापर्यंतचा माणूस एकाच ठिकाणी दिसतो, असं दुसरं गाव दाखवा.

सांबारवडी:
बाई सासरच्या घरावरून ओळखली जाते म्हणे! कोणत्या सालात राहता हो भाऊ?
दीक्षाभूमीपुढे मी हात जोडते, तिथे वादच नाही. पण बाकीचं सगळं तुम्ही आमच्याकडून नेलेलं. विद्यापीठाला नाव द्यायची वेळ आली तेव्हाही तुकडोजी महाराजांचंच दिलंत. आणि बोली? सीताबर्डीवर भाजीवाल्याशी मराठीत सुरुवात करा, तिसऱ्या वाक्याला गाडी "क्या भैया" वर जाते.

इतवारीकर:
जाणारच. १८६१ पासून मध्य प्रांताची आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतो आम्ही. छिंदवाडा, जबलपूर, रायपूर सगळे आमच्या ओसरीवर बसून गेले. वऱ्हाड तर १९०३ ला येऊन मिळालं, म्हणजे तुम्हीच नंतरचे पाहुणे! हिंदी मिसळली म्हणून मराठी बाटत नसते.

बरं, संत, साहित्य राहू द्या. मारबत पाहिली का कधी? तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी अन् पिवळी, दोन्ही मारबती, म्हणजे मोठाले बायकांचे पुतळे, मिरवणुकीनं निघतात. आमच्या गल्लीतून पिवळी जाते तेव्हा खिडकीतून तिचा चेहरा अगदी हातभर अंतरावर येतो. कागद, बांबू अन् रंगाचा वास. मागून बडगे, म्हणजे तसेच पुरुषी पुतळे, त्यावर त्या वर्षीच्या पुढाऱ्यांच्या नावानं शिव्याशाप. "इडा पिडा, खोकला घेऊन जा गे मारबत" म्हणत आख्खं इतवारी-महाल रस्त्यावर. हे अमरावतीत आहे?

अकोलेकर:
भांडा बाप्पा भांडा. अकोला कोणाच्या गणतीतच नाही.

कोथरूडवासी:
मला तर विदर्भ म्हणजे सावजी इतकंच माहीत. तेच ठेवा ना स्टॉलवर, झणझणीत एकदम.

इतवारीकर:
@कोथरूडवासी, सावजी म्हणजे नुसतं तिखट नव्हे हो. हलबा कोष्टी समाजाचं घरचं जेवण आहे ते, हातमागावर नागपुरी लुगडी विणणाऱ्या लोकांचं. माग थंडावले, मग घरातली चूल रस्त्यावर आली आणि भोजनालयं झाली. पुण्यात त्या पाटीखाली जे मिळतं त्यात तेल अन् लाल तिखट एवढंच खरं असतं.

झाडीचा पोट्टा:
दोघांचंही वाचून राहिलो कधीचा. तुमच्या भांडणात वर्धा नदीच्या अलीकडे-पलीकडे एवढाच विदर्भ दिसतो. वैनगंगेकडे, आमच्या पूर्वेच्या झाडीपट्टीकडे, कोणी पाहतच नाही.

साधी गोष्ट घ्या. अमरावतीवाला डोळ्याला "डोया" म्हणतो, शाळेला "शाया". आमच्याकडे "डोरा" अन् "शारा". तिकडे कापूस अन् ज्वारी, इकडे धान अन् तळी. वऱ्हाड अन् झाडी दोन्हीला सरसकट विदर्भ म्हणणं हे पण मुंबईवाल्यांचंच काम.

एका शहराचं नाव पाहिजे ना? गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा लिहा. हसू नका. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की झाडीपट्टीची नाटकं लागतात आणि त्यांचं सगळं बुकिंग वडशात. नाटक मंडळ्यांची कार्यालयं रांगेनं, गावोगावची पोरं तारीख ठरवायला येऊन बसतात. गावात दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. दहा-अकराला पडदा वर, पहाटे कोंबडं आरवलं की खाली. थंडी अशी की लोक चादरी-ब्लँकेटं घेऊनच येतात. घरात पंधरा-वीस पाहुणे, आणि त्याच गर्दीत पोरीला पाहणं पण उरकून जाते. माझ्या मोठ्या बहिणीचं तसंच जमलं. तिकीट काढून, रात्रभर जागून मराठी नाटक पाहणारे हजार-दोन हजार लोक एका खेड्यात, हे नागपुरात दाखवा. अमरावतीतही दाखवा.

सांबारवडी:
झाडीवाल्या भाऊ, हे मात्र लागलं. मी आयुष्यात वडशाला गेलेली नाही. नागपूरवाले आमच्याशी जसं वागतात तसंच मी तुमच्याशी वागत होते बहुतेक. तरी पाटीवर वडसा लिहिलं तर सेक्रेटरी काका विचारतील, हे खायचं की नेसायचं.

काल परत जाऊन बोलले. पाट्या छापून झाल्यात, बदलणार नाहीत म्हणाले. खाली रिकामी जागा आहे, तिथे मार्करनं काय लिहायचं ते लिहा. मी "अमरावती" लिहिणारच आहे. वडशालाही कोपरा देईन, संत्र्याच्या वर.

आता खरा प्रश्न. दोनशे वड्यांना सांबाराच्या, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीच्या, निदान तीस-चाळीस जुड्या लागतील. इथल्या दुकानात "सांबार द्या" म्हटलं की मसाल्याचं पाकीट पुढे येतं. मार्केट यार्डात पहाटे कोणी जाणारं आहे का?

इतवारीकर:
मी हिंजवडीत राहतो, गाडी आहे, जाईन. वड्या बाजूला काढून ठेवा.
मार्कर पुसता येतो म्हणतात.