मदत हवी आहे : माडांच्या सावलीत जायफळ आणि टोमॅटो एकत्र जगवता येतील का?

नमस्कार.

गुहागर तालुक्यात आमची बारा गुंठ्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे. माझ्या वडिलांनी साडेसहा वर्षांपूर्वी शेजाऱ्यांकडच्या ताज्या बिया रुजवून माडांच्या चौकांत, म्हणजे चार माडांच्या मधोमध, जायफळाची सात रोपे लावली आणि त्यांना सावली मिळावी म्हणून भोवती केळी लावल्या. दोन वर्षांपूर्वी ते गेले. आता वाडी मी आणि आई पाहतो. घरात टोमॅटो रोज लागतात, वाडीला पाणी तर दिलेच जाते, मग त्याच पाण्यावर टोमॅटोही होतील, असा विचार करून मी नोव्हेंबरमध्ये जायफळांच्या ओळींमध्ये ऐंशी रोपे लावली. आज जानेवारीच्या मध्यावर दोन्ही झाडांचे हाल मला बघवत नाहीत. म्हणून जाणकारांना सविस्तर विचारते आहे.

ज्या भागात केळी दाट आहेत तिथले टोमॅटो माझ्या खांद्यापर्यंत वाढले आहेत, पण त्यांची खोडे बारीक आहेत, पाने फिकी आहेत आणि फुले आली तरी ती देठापासून गळून जातात. हे ऊन कमी पडल्यामुळे होत असावे असे वाटून मी डिसेंबरमध्ये एका बाजूच्या पाच केळी काढून टाकल्या. तिथल्या टोमॅटोंना तीन आठवड्यांत चांगली फळे धरली, पण त्याच जागी असलेल्या दोन जायफळांची पश्चिमेकडची पाने करपली आणि एकाचा शेंडा वाळत चालला आहे. म्हणजे एकाला हवे ते दिले की दुसऱ्याचे जाते, अशा पेचात मी सापडले आहे.

पाण्याचेही असेच झाले आहे. जायफळाच्या आळ्यात आम्ही सोडणे (नारळाची सालटे) आणि पातेरा (वाळलेला पालापाचोळा) घालून ओल टिकवतो. टोमॅटोला भर देण्यासाठी मी ओळींमधली माती दोनदा खणली, तेव्हा जायफळाच्या बारीक मुळ्या अगदी वरच्या थरात पसरलेल्या दिसल्या आणि त्यांतल्या बऱ्याच तुटल्या. शेंडा वाळण्याचे कारण ऊन की ही खणणी, हे मला ठरवता येत नाही. शिवाय गेल्या आठवड्यात फळे धरलेल्या भागातील सहा टोमॅटो पाने हिरवी असतानाच एका दिवसात माना टाकून बसले. पाणी घातल्यावरही ते सावरले नाहीत.

आता जायफळांविषयी. सातपैकी तीन झाडांना फुले आली आहेत. एकाला गेल्या पावसाळ्यात अकरा फळे लागली. उरलेल्या दोघांची फुले झुपक्यांनी येतात आणि गळून जातात. आईच्या मते ती नर आहेत आणि ती तोडून तिथे चांगली कलमे लावावीत. वडिलांच्या हातची झाडे तोडायला माझे मन होत नाही, पण जागा अडवून ठेवणेही बरोबर नाही, हे मला कळते.

माझे प्रश्न असे आहेत. टोमॅटो वाडीतून पूर्ण हलवावेत की काही तडजोड शक्य आहे? मान टाकणारी रोपे कोणत्या रोगाची आहेत आणि तो जायफळाच्या मुळाशी येईल का? नर झाडे न तोडता त्यांचा उपयोग करता येतो का? आणि शेवटचा प्रश्न आईचा आहे : जायफळाच्या टरफलाचे लोणचे तिने घातले, ते उत्तम झाले, पण ऐन पावसात जायपत्रीला, म्हणजे बीवरच्या लाल जाळीदार आवरणाला, बुरशी आली. ती कशी वाळवावी?

प्रतिसाद :

ताई, तुमचे वर्णन इतके नेमके आहे की उत्तर देणे सोपे झाले.

ही दोन झाडे एका ओळीत बसणारी नाहीत. टोमॅटो हे तीन-चार महिन्यांचे पीक आहे. त्याला दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन, मोकळी हवा आणि खणून भुसभुशीत केलेली माती लागते. जायफळाचे मूळ घर इंडोनेशियातील बांदा बेटांवरचे दमट जंगल आहे. त्याला विरळ सावली, सतत ओल पण पाणी न साचणारी जमीन आणि मुळांना धक्का न लावणारा माणूस लागतो. तुमच्या वडिलांनी निवडलेली चौकातली जागा अगदी योग्य होती. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने मांडलेल्या ‘लाखी बागे’तही, म्हणजे नारळाच्या मिश्र पिकांच्या बागेतही, माडांमध्ये जायफळ, दालचिनी, काळी मिरी अशी मसाल्याचीच पिके आहेत, आणि मला वाटते की त्यामागे हेच कारण आहे. काढलेल्या केळींच्या जागी लगेच झावळ्यांचा आडोसा पश्चिमेकडून उभा करा, वाळलेला शेंडा जिवंत भागापर्यंत छाटा आणि आळ्यात यापुढे कुदळ लावू नका. तण हाताने उपटावे.

मान टाकलेल्या रोपाचे खोड जमिनीलगत कापून त्याचा तुकडा पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा. काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरू लागले तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. कोकण-गोव्यातल्या आम्ल, ओलसर जमिनीत तो टोमॅटो, वांगी आणि मिरचीला फार छळतो. औषधाने रोप वाचत नाही. ती रोपे मुळांसकट काढून जाळा आणि त्या जागी या कुळातले काहीही काही वर्षे लावू नका. जायफळ वेगळ्या कुळातले आहे, त्याला हा रोग झालेला मी तरी पाहिलेला नाही. पुढच्या वर्षी टोमॅटो उघड्या अंगणात, नवी माती भरलेल्या कुंड्यांमध्ये लावा आणि रोगाला तोंड देणारे वाण घ्या. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का रक्षक’ त्यासाठी प्रसिद्ध आहे.

नर झाडांबद्दल घाई करू नका. जायफळात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, बियांच्या रोपांत जवळजवळ निम्मी नर निघतात आणि ते सहाव्या-सातव्या वर्षी फुले आल्यावरच कळते. मादी फूल बहुधा एकटे-दुकटे आणि बुडाशी फुगीर असते. नर फुले सडपातळ आणि झुपक्यात असतात. दहा माद्यांना एक नर पुरतो, म्हणून एक नर नक्की ठेवा. दुसऱ्याचा शेंडा पावसाळ्याच्या सुरुवातीला छाटून येणाऱ्या धुमाऱ्यांवर तुमच्याच मादी झाडाचे डोळे भरता येतात, म्हणजे त्याच्या कळ्या सालीत बसवून कलम करता येते. मुळे वडिलांच्या झाडाचीच राहतील. नवे कलम घ्यायचे असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण सुगंधा’ पाहा, त्याच्या एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुले येतात. मात्र कलमासाठी काडी ताठ वाढणाऱ्या फांदीची आहे का, हे आवर्जून विचारा. आडव्या फांदीच्या काडीचे कलम झुडपासारखे पसरते आणि चौकात अडचण करते.

जायपत्री बीवरून सोडवून सुमारे ७५ अंश तापमानाच्या पाण्यात दोन मिनिटे बुडवावी, पाणी निथळू द्यावे आणि चुलीवरच्या फळीवर किंवा मंद उष्णतेच्या पेटीत वाळवावी. रंग चांगला राहतो. जायफळ कवचासकट वेगळे वाळवा. आतली बी हलवल्यावर खुळखुळली की ते वाळले.

मूळ लेखिकेचे उत्तर :

आपले मनापासून आभार. आज सकाळी तीन रोपांवर पेल्याची परीक्षा केली आणि दोघांत दुधाळ धागे स्पष्ट दिसले. ती सगळी ओळ काढून जाळली. उरलेल्या रोपांवरची फळे उतरवून घेईन आणि वाडीत टोमॅटो पुन्हा लावणार नाही. झावळ्यांचा आडोसा बांधून झाला आहे. आईने एका नर झाडाला खडूने खूण केली आहे, ते राहील. दुसऱ्यावर डोळे भरण्यासाठी मृगाच्या आधी छाटणी करावी की पाऊस स्थिरावल्यावर, एवढे कोणी स्वानुभवावरून सांगितले तर फार बरे होईल.