मदत हवी आहे: आई-बाबांसोबत भूमध्य समुद्रातली क्रूझ

सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन क्रूझला जातोय. इटलीतलं नेपल्स, ग्रीसमधलं पिरेयस (अथेन्सचं बंदर), तुर्कस्तानातलं कुशादासी आणि परत ग्रीस. आईचे गुडघे दुखतात, बाबांना मात्र प्रत्येक दगडापाशी थांबायचं असतं!

नेपल्सला बोट जेमतेम ९ तास. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं पॉम्पेई लोकल ट्रेनने आपलं आपण बघून वेळेत परतता येतं का? बोटीतर्फे नेतात ती सहल महाग आहे, पण त्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते म्हणे.

कुशादासीजवळच्या एफेससला (प्राचीन शहराचे अवशेष) वरच्या दरवाजातून शिरून सेल्ससच्या ग्रंथालयाकडे उतरत आलं, तर त्या गुळगुळीत संगमरवरावर आईला जमेल का? काठी नेणारच आहोत. आणि तुर्कस्तानातून परत ग्रीसला यायचं म्हणजे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) मल्टिपल एंट्रीचाच, म्हणजे एकापेक्षा जास्त वेळा आत येता येईल असा, लागेल ना?

खाण्याची काळजी नाही, मेतकूट सोबत आहे.